विश्वकोश, चांदण्या आणि रानशेतचे पान

रानशेत हे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले गाव. मराठी विकिपीडियावर डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली गावे शोधत गेलात, तर अशा कितीतरी गावांवरची छोटी छोटी पाने सापडतात. ठेवण बहुतेकांची सारखीच. गाव कोठे आहे, हवामान कसे आहे, जनगणनेत घरे किती नि माणसे किती निघाली, सोयी कोणत्या, शेजारची गावे कोणती. हवामानाचा परिच्छेद एका गावाचा उचलून दुसऱ्या गावाला लावला, तरी वाचणाऱ्याला पत्ता लागू नये. ही टीका नव्हे. ज्या गावांचे नाव एरवी मतदारयाद्या आणि एसटीच्या पाट्यांपलीकडे फारसे लिहिले जात नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी चिकाटीने बसून एकेक पान उभे केले, हे मोठेच काम आहे. आणि विकिपीडिया अशा कामाचे मानधन देत नाही.

पण डहाणू भागात ज्यांनी शिकवले आहे त्यांना ठाऊक आहे, की इथले गाव म्हणजे एक वस्ती नसते. गाव म्हणजे पाडे. एक पाडा दुसऱ्यापासून दूर, मध्ये शेते, ओहोळ, रान. पाड्यांची नावे काय, कोणत्या पाड्याहून शाळेची वाट पावसाळ्यात बंद होते, कोणत्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते, हे जनगणनेच्या तक्त्यांत सापडत नाही. ते तिथल्या माणसाला ठाऊक असते, शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पण ती ते लिहायला बसत नाहीत. त्यांनी बसावे म्हणून काय करता येईल?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकक्षेत्रातल्या मंडळींनी या प्रश्नाला एक उत्तर दिले: कामाला खेळाचे रूप द्या. गुण द्या, चांदण्या द्या, पदव्या द्या, कोण पुढे कोण मागे याचा फळा लावा. याला 'गेमिफिकेशन' असे भारदस्त नाव आहे. आपण साधेपणाने 'कामाचा खेळ करणे' म्हणू. हे उत्तर कितपत खरे ठरले, कोठे फसले आणि का, हे पाहण्यासारखे आहे. शिक्षकांना तर विशेष, कारण चांदणी आणि गुणांचा व्यवहार आपण रोजच करतो.

इर्जिक आणि चिठ्ठ्या

बिनपैशाचे सामुदायिक काम आपल्याला नवे नाही. घाटावर इर्जिक असे, कोकणात सावड. एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचे, ज्याचे शेत त्याने जेवू घालायचे आणि पुढे इतरांच्या शेतावर जायचे. मजुरीचा हिशेब नसे, पण आठवणीचा असे. कोण आला, कोण आला नाही, हे सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेले असे. आणि संध्याकाळी नांगरलेले रान समोर दिसे.

माहिती गोळा करण्याच्या कामात या दोन्ही गोष्टी नसतात. मदत करणारे एकमेकांना दिसत नाहीत आणि काम संपलेलेही दिसत नाही. ही अडचण मोठ्या प्रमाणावर ज्यांना आली, त्यांत इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाचे कर्ते ठळक आहेत. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये या कोशाची हालचाल सुरू झाली. प्रत्येक शब्द कोणत्या शतकात कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे प्रत्यक्ष पुस्तकांतल्या वाक्यांनी दाखवायचे होते. एवढी पुस्तके वाचायची कोणी? १८७९ मध्ये जेम्स मरी संपादक झाले आणि त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला आवाहन केले: पुस्तक वाचा, शब्द दिसला की एका चिठ्ठीवर तो शब्द, ते वाक्य, पुस्तकाचे नाव, साल आणि पृष्ठ लिहा, आणि आमच्याकडे पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. काम १९२८ मध्ये पुरे झाले, तेव्हा मरी हयात नव्हते.

चिठ्ठ्यांचा ढीग उपसताना मरींना एक विचित्र गोष्ट दिसली. 'अब्यूजन' या जुन्या, दुर्मिळ शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या होत्या. 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचदेखील नव्हत्या. वाचक आळशी नव्हते. आवाहनातच दुर्मिळ, जुन्या, चमत्कारिक शब्दांकडे लक्ष वेधलेले होते, आणि माणसाला सापडल्याचा आनंद चमत्कारिक गोष्टीत होतो. साध्या शब्दाकडे कोण पाहतो? खेळाचा नियम किंचित एकीकडे झुकला आणि अख्खा ढीग तिकडे झुकला. मग संपादकांना साध्या शब्दांसाठी स्वतः पुस्तके पालथी घालावी लागली.

कोशाच्या प्रस्तावनेत मरींनी वाचकांची नावे आणि त्यांच्या चिठ्ठ्यांची संख्या छापली. टॉमस ऑस्टिन १,६५,०००. विल्यम डग्लस १,३६,०००. आजच्या भाषेत हा गुणफलकच. पण त्या यादीत केवळ काही हजार चिठ्ठ्यांचा धनी असलेला एक माणूस होता, डॉ. मायनर. हा अमेरिकन लष्करी शल्यविशारद ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त होता. तो आपल्या पुस्तकांतल्या शब्दांची सूची करून ठेवी, संपादक सध्या कोणत्या शब्दांवर काम करत आहेत हे विचारून घेई आणि नेमक्या त्याच शब्दांची वाक्ये पाठवी. आकड्यांत तो मागे, उपयोगात कदाचित सर्वांच्या पुढे. गुणफलकाला ही गोष्ट दिसत नाही. ती मरींना दिसत होती.

आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. पण दोन्हींची घडण वेगळी होती: संपादक मंडळ, नेमलेले लेखक. अनोळखी माणसाने आपण होऊन यावे आणि लिहावे, हा प्रकार मराठीत विकिपीडियाबरोबर आला.

गोठ्यावरची चांदणी

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला. मराठी १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुनीर शाह या सदस्याने इंग्रजी विकिपीडियावर एक प्रथा आणली. उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत धान्य-गुरांची मोठी लाकडी कोठारे सगळ्यांनी मिळून एका दिवसात उभी करण्याची रीत होती, आपल्या इर्जिकीसारखीच. अशा कोठारावर शोभेची एक मोठी चांदणी लावत. इंग्रजीत तिला 'बार्नस्टार' म्हणतात. शाह यांनी तीच चांदणी घेतली. कोणाचे काम आवडले, तर त्याच्या सदस्यपानावर चांदणीचे चित्र लावायचे आणि खाली दोन ओळींत कशाबद्दल ते लिहायचे. पैसा नाही, परीक्षक मंडळ नाही, अर्ज नाही. कोणीही कोणालाही द्यावी.

या चांदणीने खरोखर काही होते का? २०१२ मध्ये रेस्टिव्हो आणि व्हॅन डी राइट या दोन समाजशास्त्रज्ञांनी प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांतून २०० जण निवडले, त्यांतल्या चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या निम्म्यांना चांदणी दिली आणि उरलेल्यांना दिली नाही. पुढच्या ९० दिवसांत चांदणीवाल्यांचे काम इतरांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त भरले. एवढ्यावर थांबले असते, तर निष्कर्ष सोपा होता. पण त्यांनीच पुढे जरा कमी काम करणाऱ्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा असा परिणाम दिसला नाही. चांदणी मुळात धावणाऱ्याला वेग देते. बसलेल्याला ती उठवतेच असे नाही.

मग नवख्यांचे काय? याना गॅलस यांनी जर्मन विकिपीडियावर हजारो नवागतांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींना एडलवाइस या आल्प्समधल्या फुलाच्या नावाचा सन्मान दिला. पुन्हा पैसा नाहीच. सन्मान मिळालेल्यांपैकी टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा २० टक्क्यांनी जास्त निघाले आणि तो फरक पुढे वर्षभर मोजता आला. वरच्या निष्कर्षाशी हे विसंगत वाटेल. मला वाटते, उलगडा असा असावा: मधल्या माणसाला चांदणी ही चांदणीच वाटते, पण नुकतेच पहिले वाक्य लिहिलेल्या माणसाला तो 'कोणीतरी वाचले' याचा पुरावा वाटतो. वर्गात पहिल्यांदा हात वर करणाऱ्या मुलाकडे पाहून आपण मान हलवतो, तसे.

खेळ म्हणून काम

चांदणी हे कामानंतरचे बक्षीस. दुसरा मार्ग म्हणजे कामच खेळ करून टाकणे. याचा नामी नमुना २००३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात लुई फॉन आन यांनी केला. छायाचित्रात काय आहे हे तेव्हा संगणकाला ओळखता येत नसे. फॉन आन यांनी दोन अनोळखी माणसांना महाजालावर एकाच वेळी एकच चित्र दाखवले. दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. दोघांनी शब्द लिहीत जायचे. दोघांचा एखादा शब्द जुळला की गुण आणि पुढचे चित्र. जुळण्याचा एकच आधार म्हणजे समोरचे चित्र. त्यामुळे जुळलेला शब्द बहुधा चित्राचे खरे वर्णन असे. पहिल्या चार महिन्यांत १३,६३० जण खेळले आणि २,९३,७६० चित्रांना १२ लाखांहून अधिक शब्द मिळाले, तेही फुकट आणि हसतखेळत.

या खेळात एक हुशारीचा नियम होता. एखाद्या चित्रावर जुळून गेलेला शब्द पुढच्या खेळाडूंसाठी बाद. 'झाड' होऊन गेले की 'आंबा' किंवा 'फांदी' सुचवावे लागे. तरीही २००८ मध्ये एका अभ्यासाने दाखवले, की खेळाडू लवकर जुळावे म्हणून सर्वांत ढोबळ शब्द टाकतात. बाद शब्दांच्या यादीवरून पुढचा शब्द चित्र न पाहताच बऱ्याचदा ओळखता येतो. आकाश बाद असेल, तर ढग लिहा! खेळाडू लबाड नव्हते. गुण जुळण्याला होते, वर्णनाला नव्हते. 'अब्यूजन'ची गोष्ट सव्वाशे वर्षांनी उलट्या दिशेने घडली: तिथे नियमाने दुर्मिळाकडे ढकलले, इथे ढोबळाकडे.

खेळ आणि काम जिथे खरोखर एक झाले, अशी उदाहरणेही आहेत. 'फोल्डइट' या २००८ च्या खेळात प्रथिनाच्या साखळीची घडी घालायची असते. घडी नैसर्गिक घडीच्या जवळ गेली, की तिची ऊर्जा कमी होते आणि गुण वाढतात. म्हणजे गुण हे वरून चिकटवलेले बक्षीस नाही, तर कामाचीच मोजपट्टी. माकडांतल्या एका विषाणूच्या विकराची रचना दहाहून अधिक वर्षे सुटत नव्हती. खेळाडूंनी ती सुमारे ३ आठवड्यांत वाट दिसेल इतपत सोडवली, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्दैवाने गावाचे पान कितपत चांगले आहे हे सांगणारी अशी ऊर्जेची मोजपट्टी नाही. तिथे कोणीतरी वाचावेच लागते.

मोजण्याजोगे तेवढेच मोजले की काय होते, याचे उदाहरण विकिपीडियातच आहे. कोणत्या भाषेत किती लेख, याची यादी सुरुवातीपासून जाहीर असते. ती गुणफलक म्हणून कोणी केली नव्हती, पण ती तशी वाचली जाऊ लागली. २००७ मध्ये व्होलाप्यूक या मूठभर लोकांच्या कृत्रिम भाषेचा विकिपीडिया एकाएकी लाखावर गेला. एका उत्साही सदस्याने संगणक-आज्ञावली लिहून गावांच्या नावांची पाने तयार केली होती. आज फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया लेखसंख्येत इंग्रजीखालोखाल आहे. त्यातला फार मोठा भाग एकाच आज्ञावलीने लिहिला आहे. अशी पाने निरुपयोगी असतात असे नाही. पण यादीतला क्रमांक पाहून त्या भाषेत किती माणसे लिहितात याची कल्पना येत नाही. पट आणि हजेरी यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

कोसबाडच्या टेकडीवर

आता पुन्हा डहाणू तालुक्यात येऊ, कारण या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा संगणकाच्या आधी तिथे गिरवला गेला.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तिथली एक हकिगत त्यांनी लिहून ठेवली आहे. एका हुशार मुलाला बक्षीस म्हणून छातीवर क्रूस लावला होता. दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवले होते. बक्षीसवाला आपल्या कामासाठी इकडून तिकडे जात होता. क्रूस पडला, तरी त्याचे लक्ष नाही. शिक्षेतल्या मुलाने तो उचलून दाखवला, तेव्हा त्याने तो त्यालाच घेऊ दिला. ज्याला काम होते, त्याला क्रूसाची गरज नव्हती. ज्याला काम नव्हते, तो क्रूसावर खूश झाला.

माँटेसरींची पद्धत गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात भारतीय केली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीला बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतली मुले येईनात. ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज साऱ्या देशाला माहीत असलेला शब्द त्या कल्पनेचा आहे. वारली मुले दिवसभर गुरे राखत. मग कुरणावरच शाळा, तिचे नाव कुरणशाळा. माँटेसरींची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून बिया, खडे, शंख-शिंपले, पाने हीच साधने झाली.

खेळ रचणाऱ्याच्या नजरेने पाहा. मूल येत नाही, ही अडचण. सोपा उपाय होता आमिष वाढवणे. ताराबाई-अनुताईंनी कामाची जागा, वेळ आणि आकार बदलला. मुलाच्या दिवसात बसेल असा केला. महाजालावरच्या खेळांचे रचनाकार बरीच वर्षे चांदण्यांचे रंग बदलत राहिले आणि मग याच जागी आले.

बालवाडीतल्याच एका प्रयोगाने आमिषाची दुसरी बाजू दाखवली. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली चित्रे काढायची मनापासून हौस असलेली मुले निवडली. एका गटाला सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्र काढल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन ठेवून दिले आणि कोण किती वेळ चित्रे काढतो ते दुरून पाहिले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते, ती मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ पेनांजवळ रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते. १९९९ मध्ये अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला: आधी कबूल केलेले वस्तुरूप बक्षीस आतली गोडी कमी करते, शाबासकीचा शब्द ती वाढवतो. यावर मानसशास्त्रज्ञांत वाद झाले आहेत, पण लेपर यांचा मूळ प्रयोग आजही विचार करायला लावतो.

मोठ्या माणसांतही हे दिसले. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या रोजनिशांतल्या हवामानाच्या नोंदी उतरवून काढण्याचा 'ओल्ड वेदर' हा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. एका जहाजाच्या जास्तीत जास्त नोंदी उतरवणारा त्या जहाजाचा कप्तान. २०१३ च्या एका अभ्यासात कळले, की काहींना या चढाओढीने झपाटले. पण काही जण कप्तान कधीच होता येणार नाही म्हणून, तर काही दुसऱ्याने पद हिसकावू नये या ताणाने दूर झाले. अनेकांना ओढ होती ती रोजनिशीतल्या गोष्टीची: जहाज कोठे गेले, खलाश्यांचे काय झाले.

तीन हजार बाइट

आता मराठीतल्या नियमांकडे. विकिपीडियावर २०१५ पासून नोव्हेंबरात 'आशियाई महिना' नावाची लेखनस्पर्धा अनेक भाषांत भरते. ठरावीक संख्येने चांगले लेख लिहिले, की दुसऱ्या आशियाई देशातून एक टपालपत्र घरी येते. बक्षीस म्हणून मला हे फार आवडते. ते विकून काही मिळत नाही आणि फेकवतही नाही. लेख किमान किती मोठा हवा, यावर नियम होता: ३,००० बाइट आणि ३०० शब्द.

दोन मापे कशाला? बाइट म्हणजे संगणकातली साठवणीची जागा. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना-मात्रा हीदेखील स्वतंत्र चिन्हे. 'रानशेत' मध्ये र, काना, न, श, मात्रा, त अशी ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. तेच नाव रोमन लिपीत ७ अक्षरांचे, ७ बाइटांचे. मराठी शब्द सरासरी ६ चिन्हांचा धरला, तर ३,००० बाइट दीडशेच्या आसपास शब्दांतच भरतात; इंग्रजीला त्यासाठी पाचशेच्या घरात जावे लागते. नुसते बाइट मोजले असते, तर मराठी लेख अर्ध्यात थांबला असता आणि नियमाने त्याला शाबासकी दिली असती. शब्दांची अट ही पळवाट बुजवते. वर्गात फळ्यावर करायला हे गणित चांगले आहे.

पण या स्पर्धेत आपल्या स्वतःच्या देशावरचे लेख धरत नाहीत, कारण हेतू शेजाऱ्यांची ओळख हा आहे. मराठी माणूस उझबेकिस्तानवर लिहून टपालपत्र मिळवू शकतो, रानशेतवर लिहून नाही. २०१८ मध्ये गूगलच्या साहाय्याने भारतीय भाषांत 'प्रोजेक्ट टायगर' ही बक्षिसांची स्पर्धा झाली. तिच्यात विषयांच्या याद्या आधीच ठरवलेल्या होत्या. दोन्ही उपक्रमांचे हेतू चांगलेच. फक्त यादीत काय आहे आणि काय नाही, इथेच पुढचे बरेचसे ठरून जाते. याउलट २०१५ च्या जानेवारीत बल्गेरियातल्या एका लेखिकेने स्वतःलाच घातलेली अट पाहा: १०० दिवस रोज एक नवा लेख. बक्षीस नाही, परीक्षक नाही, जाहीर वही तेवढी. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ही अट अनेक देशांत पसरली, पंजाबी भाषकांनीही ती मनावर घेतली. विषय ज्याचा त्याने निवडायचा.

पाडे नकाशावर

मग एखाद्या शाळेने गावाचे पान लिहायचे ठरवले, तर खेळ कसा मांडावा? आधी एक व्यावहारिक गोष्ट. विकिपीडिया विश्वकोश असल्याने तिथे छापील वा अन्य प्रसिद्ध आधार लागतो. 'आम्हाला माहीत आहे' हा आधार चालत नाही. जनगणनेची जिल्हा पुस्तिका, १८८२ चे ठाणे गॅझेटियर, वारली चित्रकलेवरची पुस्तके, असे साहित्य शोधावे लागेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तेव्हा जुने सगळे ठाण्याच्या नावाखाली सापडेल. पाड्यांची नावे, वाटा, विहिरी यांना मात्र दुसरे घर आहे: २००४ मध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा सर्वांनी मिळून काढलेला नकाशा. तिथे स्वतः जाऊन पाहिलेली गोष्ट हाच उत्तम आधार मानतात. त्यासाठी 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचे मोबाइलवरचे साधन आहे. ते आपण उभे असू त्या जागेबद्दल एकेक छोटा प्रश्न विचारते: हा रस्ता डांबरी की मातीचा? या इमारतीला मजले किती? उत्तर दिले की एक चांदणी वाढते. चांदणीपेक्षा मोलाचे हे, की काम एका प्रश्नाएवढे लहान केले आहे आणि उत्तर दिल्यावर तो प्रश्न नकाशावरून नाहीसा होतो. नांगरलेले रान संध्याकाळी दिसावे, तसे.

वर्गात नोंदींची संख्या मोजू नये, असे मी म्हणेन. मोजली, तर शाळेजवळचाच पाडा दहा वेळा येईल. दोन मुलांनी, एकमेकांना न विचारता, एकच नाव आणि एकच जागा सांगितली तर ती नोंद पक्की, हा फॉन आन यांचा नियम इथे चांगला लागू पडतो. पक्की झालेली नोंद फळ्यावर बाद म्हणून लिहावी, म्हणजे पुढच्याला आणखी लांब जावे लागेल. आज काय हवे आहे ते शिक्षकाने सकाळी सांगावे: आज विहिरी, उद्या ओहोळावरचे साकव. मायनरसारखे नेमके आणणारे एखादे मूल असतेच. संख्येत ते मागे राहील, त्याच्याकडे लक्ष ठेवावे. बक्षीस आधी कबूल करू नये. ज्याची पहिलीच नोंद पक्की झाली, त्याच्यासमोर वर्गात नकाशा उघडून ती जागा मोठी करून दाखवावी. वर्गात संगणक नसेल, तर शिक्षकाचा मोबाइलही पुरेल. घरमालकांची, माणसांची नावे नकाशावर घालू नयेत, हे आधीच बजावून ठेवावे.

आणि एक अडचण नक्की येईल. दोन मुले एकाच पाड्याची दोन नावे सांगतील, एक ग्रामपंचायतीच्या कागदावरचे आणि एक घरात बोलतात ते. जुळले नाही म्हणून यांतले कोणतेही खोडू नये. या नकाशात एका जागेला मुख्य नावाखेरीज पर्यायी नाव देण्याची सोय आहे, आणि दोन्ही नावे शोधली तर सापडतात.